मापात बसलेलं तळं

१२ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार आधी, भांडण नंतर. निघताना म्हणाला होतात, पोचले की पत्र टाकीन. सहा महिने झाले. पोचला नसतात तर एव्हाना कुणीतरी कळवलं असतं, म्हणून पोचलात असं धरून चालले आहे.

मी बरी आहे. म्हणजे औषधाच्या दुकानात कुणी विचारलं की 'बरी आहे' म्हणतो, तशी. हे गेल्यापासून घर खायला उठतं. तुम्ही महिनाभर राहिलात तेव्हा निदान गप्प बसायला तरी दोघी होतो. आता मी एकटीच गप्प बसते. शिवणाची कामंही आटलीत. परवा एक बाई नुसती झिप बदलायला आली, तर तिला तासभर बसवून ठेवलं. काय काय विचारलं तिला, तिच्या सासूच्या दातांपर्यंत पोचले. तिने तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं तेव्हा कुठे सोडलं.

तर सध्या एक खूळ डोक्यात शिरलंय. मागच्या अंगणात माशांचं तळं करायचं. ह्यांनी गॅरेज बांधायचं म्हणून विटा आणून ठेवल्या होत्या, आठवतं ना? गाडी काही आली नाही, विटांवर मात्र शेवाळ आलं. त्या काठाला लावीन म्हणते. घरात काहीतरी हलणारं हवं हो. पंखा सोडून.

तुमच्या हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात माशांची टाकी होती, आणि मेट्रनबाई माशांनासुद्धा वेळेवर झोपवायच्या, असं हे सांगायचे. म्हणून तुम्हाला विचारते. खोल किती खणायचं, पाणी कसलं घालायचं, मासे कुठले आणायचे? फोनच करणार होते, पण फोन वाजला की कुणीतरी सिरियस आहे असंच तुम्हाला वाटतं, म्हणून हे पत्र.

तळं झालं की बघायला या. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही.

तुमची
टाचणी

(मला टाचणी म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच उरलात, म्हणून सही तशी केली.)


२ मार्च

टाचणे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात मागायचे नाहीत. मी पोचले. पत्र टाकायचं राहिलं, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं.

तळ्याचं खूळ डोक्यातून काढ म्हणून सांगितलं तर तू दोन तळी खणशील, त्यापेक्षा नीट सांगते. मांडीभर खोल पुरे. त्याहून उथळ केलंस तर उन्हात मासे उकडतील. झाडाखाली करू नकोस, पानं पडून कुजतात. पण दुपारची सावली हवी. ती भिंतीची चालेल. खड्ड्याला आतून वाळूचा थर दे आणि त्यावर प्लास्टिकचा कागद घाल, म्हणजे खडे कागदाला टोचणार नाहीत. नळाचं पाणी भरलंस की लगेच मासे सोडायचे नाहीत. त्यात औषध असतं, माणसाला चालतं, माशाला नाही. आठवडाभर उघडं ठेव. आणि मासे आणशील तेव्हा पिशवीसकट पाण्यावर तरंगत ठेव, थोड्या वेळाने सोड. नव्या पेशंटला आल्या आल्या आंघोळ घालायची नसते.

मासे साधे आण. गोल्डफिश, गप्पी. नखरेल मासे आणून मग मला रडत पत्र लिहू नकोस.

येण्याचं म्हणशील तर माझे गुडघे आता ऐकत नाहीत. तीन मजले उतरायचे म्हणजे मोहीम असते. आणि इथे मला माणसांची कमी नाही. खाली टायपिस्टबाई आहेत, समोर रेल्वेतून रिटायर झालेले गार्डसाहेब आहेत. ते रोज सकाळी दार वाजवून मी जिवंत आहे का बघतात. मी 'आहे' म्हणते, मग ते जातात. अजून काय पाहिजे.

एक सांगायचं राहिलं. ती निळी शाई टाकून दे. काळ्या शाईने लिही, मोठं लिही. तुझं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं आहे.

वन्सं


२५ मार्च

वन्सं,

घ्या, काळी शाई. पुरेसं मोठं आहे ना? तुमचं स्वतःचं अक्षर मात्र केवढं झालंय, चार ओळींत पान संपतं. माझ्यावर ओरडल्यासारखं वाटतं वाचताना.

खड्डा झाला. खणायला जो आला त्याला सगळे पैलवान म्हणतात आणि फुंकर मारली तर उडेल असा आहे. कमरेएवढा आत गेल्यावर मला म्हणतो, "काकू, माशांसाठी एवढं खोल? खरं सांगा, कुणाला पुरायचंय?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाही. तू आधी नीट खण." मग तुमचं पत्र वाचून दाखवलं आणि परत मांडीभर करून घेतलं.

जागा कुठली धरली, सांगू? मागच्या खोलीच्या खिडकीखाली. तुम्ही झोपायचात ती खोली. तिथे दुपारनंतर भिंतीची सावली पडते, तुम्ही म्हणालात तश्शी. पलंगावर पडल्या पडल्या पाणी दिसेल. खोली सगळी रिकामी केली आहे. तुमची ट्रंकसुद्धा पैलवानाकडून माळ्यावर चढवून घेतली.

आता मुख्य गोष्ट. आम्ही शिवणारी माणसं कागदी कटिंग केल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. तळ्याचंही मी आधी कटिंग केलं. त्याचंच हे छोटं, तळहाताएवढं, सोबत घातलंय. आणि तुम्हाला ठाऊक आहे, प्रत्येक कटिंगवर आम्ही पेन्सिलीने नाव घालतो, कुणाच्या मापाचं ते. नाव घातलं की कपडा त्या माणसाचा झाला, मग दुसऱ्या कुणाला तो द्यायचा नाही. ह्याही कटिंगवर खिडकीच्या बाजूला लिहिलंय. खोली का रिकामी केली तेही त्यातच आलं.

तोंडाने विचारायचं मला जमत नाही वन्सं, हे तुम्ही जाणता. ते वाचा आणि हो की नाही एवढंच कळवा. मग मी पुढचं काम धरते.

टाचणी


९ एप्रिल

टाचणीस,

पत्र मिळालं. कटिंगही. आकार बरा आहे, भोपळ्यासारखा.

त्यावर जे लिहिलंयस त्यावर मी काय बोलणार. घर तुझं, खोली तुझी. तुला योग्य वाटेल तसं कर. माझ्या हो-नाहीसाठी काम अडवून ठेवू नकोस.

ट्रंकेत माझे युनिफॉर्म आणि जुनी बुटं आहेत. कुणी इकडे येणारं असेल तर पाठवून दे. नसेल तर वाटून टाक.

मासे सोडण्याआधी पाण्याचं लक्षात ठेव.

वन्सं


१८ जून

वन्सं,

मी ठरवलं होतं, आता लिहायचं नाही. दोन महिने निभावलं. पण आज कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवणार नाही, आणि तुमच्याशिवाय कोण आहे मला?

तळं फुटलं.

पहिल्यापासून सांगते. प्लास्टिकवाला म्हणाला होता, "काकू, एकच मोठा कागद घ्या, खड्ड्यात सोडून द्या, चुण्या पडतील त्या पडू द्या." मी त्याला हसले. चाळीस वर्षं मी लोकांच्या अंगावरच्या चुण्या काढल्या आणि आता माझ्याच अंगणात पडू देऊ? मी टेपने खड्डा मापला. तळाचा तुकडा वेगळा कापला, बाजूचा घेर वेगळा, कोपऱ्यांना टक घातले. जाड सुई लावून मशीनवर दुहेरी टीप मारली. खड्ड्यात बसवलं तर काय सांगू, एक सुरकुती नाही. पैलवान म्हणाला, "काकू, तुम्ही तर खड्ड्याला झंपर शिवलात." मला कोण आनंद झाला.

पाणी भरलं. रोज चार बोटं उतरायचं. मला वाटलं, ऊन पितंय. मी रोज नळी लावून वर भरत राहिले. सुईच्या एकेका भोकातून पाणी जातंय हे एका शिंपिणीच्या डोक्यात येऊ नये म्हणजे बघा. टीप दुहेरी, म्हणजे भोकंही दुहेरी. आठवड्याने मासे सोडले, तरी रोजचं नवं पाणी चालूच. मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. मी समजले, मला ओळखायला लागलेत.

काल दुपारी टपालाची तिकिटं फाटावीत तशी सगळी टीप सरळ फाटत गेली. मी स्वयंपाकघरातून आवाज ऐकून धावले तोवर चिखल. बादलीत, पातेल्यात, जिथे जमेल तिथे मासे उचलून टाकले. दोन गेले. त्यांना विटांच्या मागे पुरलं. पैलवानाचा प्रश्न सुटला एकदाचा. मागच्या खोलीची भिंत खालून ओली झाली आहे, नवा रंग गेला.

मग मी तिथेच चिखलात बसले आणि रडले. हे गेले तेव्हा लोक होते, धड रडताही आलं नाही. काल भरपूर रडले. दोन माशांसाठी एवढं कुणी रडत नाही, हे मलाही कळतं.

वन्सं, आता स्पष्टच लिहिते, शाईने. त्या कटिंगवर मी तुमचं नाव घातलं होतं. 'वन्संची खोली, वन्संचं तळं, कायमचं' असं लिहिलं होतं. खोलीला रंग तुमच्यासाठी दिला होता, म्हणून ट्रंक वर ठेवली. तुम्ही ते वाचलंत आणि लिहिलंत, घर तुझं, खोली तुझी. युनिफॉर्म वाटून टाक. नाही म्हणायचं होतं तर सरळ नाही म्हणायचं. मी काय तुमच्या गळ्यात पडणार होते? युनिफॉर्म वाटलेले नाहीत. तेवढी मी कोडगी नाही.

टाचणी


६ जुलै

टाचणे,

तुझं पत्र वाचायला मला तीन सकाळी लागल्या. नेहमी दोन लागतात.

माझे गुडघे ठणठणीत आहेत. डोळे गेले आहेत. काचबिंदू आहे, त्याला आता उपाय नाही. आधी कडेचं गेलं, आता मधलंही धुरकट होत चाललंय. सकाळी खिडकीत ऊन असतं तेवढा वेळ भिंग धरून काळ्या शाईचं अक्षर लागतं, ओळीखाली पट्टी ठेवून. पेन्सिलीचं अक्षर अजिबात लागत नाही. त्या कटिंगवर काही लिहिलंय हे तू सांगितलंस म्हणून कळलं. मी बोटांनी आकार चाचपला आणि भोपळा म्हणून सांगितलं.

टायपिस्टबाईंकडून वाचून घेता आलं असतं. पण त्या वाचतात ते सगळा जिना ऐकतो. शिवाय मला वाटलं, काय असायचंय, खोली रिकामी केली, ट्रंक हलवली, म्हणजे भाडेकरू ठेवायचाय तुला आणि तोंडाने विचारवत नाही. मला वाईट वाटलं. ते दिसू नये म्हणून तसं लिहिलं. एवढीच गोष्ट आहे.

तू नाव घातलंस हे वाचलं आणि त्या दिवशी पुढचं वाचलं नाही. भिंग ठेवून दिलं.

पण ऐक. मी येणार नाही. जन्मभर मी दुसऱ्यांच्या उशा सरळ केल्या. त्यांच्या तोंडावर काय असतं, ते मला माहीत आहे. आधी उपकार वाटतात, मग राग येतो, मग दोन्ही लपवायचा कंटाळा. मला ते कुणासमोर करायचं नाही. तुझ्यासमोर तर नाहीच. आणि तू तळं केलंस खिडकीखाली, पलंगावरून दिसेल असं. मला काय दिसणार त्यातलं? जी बघू शकेल अशी कुणी ठेव. परिचारिका होणाऱ्या मुलींना खोल्या लागतात, त्या चांगल्या असतात.

इथे माझं भागतं. पावलं मोजून मोरीपर्यंत जाते. दुधाचं पातेलं कुठे आहे ते माहीत असतं. संध्याकाळी फार लांबतात, एवढंच. दिवा लावला काय आणि नाही लावला काय.

तळ्याला एकच कागद घाल. चुण्या पडू देत.

वन्सं


११ जुलै

वन्सं,

हे अक्षर पुरेल ना? जाहिरातीचा बोर्ड रंगवल्यासारखं लिहितेय, एका पानावर चार वाक्यं. पाकीट फुगलं तर फुगू दे.

आधी तुमच्यावर रागवून घेते. डोळे जाताहेत आणि तुम्ही मला गुडघे सांगता? मी पण खुळी. एवढं मोठं अक्षर बघून मला वाटलं तुम्ही चिडला आहात. सगळ्यांची मापं काढत आले आणि तुमच्याच वेळी चुकले.

आता तळ्याचं. तुमचं पत्र यायच्या आधीच एकच कागद घातला होता. इकडे चुणी, तिकडे चुणी, बघवत नाही, पण पाणी टिपूस हलत नाही. आठवडाभर उघडं ठेवून कालच मासे परत सोडले. काल संध्याकाळी त्यांतला सगळ्यात लठ्ठ, पोट सुटलेला, तो एका वाळक्या पानाखाली शिरला आणि ते पान डोक्यावर घेऊन सगळ्या तळ्याला चक्कर मारून आला. बाकीचे मागे. मला इतकं हसू आलं. "अहो, बघा बघा," म्हणून मी मागे वळले. मागे उघड्या दारातून नुसतं शिलाई मशीन दिसत होतं.

तेव्हा मला कळलं वन्सं, की मी चुकीचं विचारत होते. तळं बघायला या, बघायला या, हेच लिहीत राहिले. बघायला कशाला कुणी पाहिजे? बघायला मी आहे, माझे डोळे चांगले आहेत, अजून सुईत दोरा ओवते. मला सांगायला कुणीतरी पाहिजे. हे असताना मी काही दाखवायला गेले की म्हणायचे, दिसतंय मला, कशाला बडबडतेस. मग मी गप्प. तुम्ही तरी तसं म्हणू शकणार नाही.

सगळं सांगीन तुम्हाला. कुठला मासा कुठे आहे, पाणी कुठवर आलंय, शेजारीण आज कुठलं लुगडं नेसून कचरा टाकायला आली. नको नको म्हणाल. तुम्ही नुसतं 'मग?' म्हणत राहायचं. 'मग?' म्हणायला डोळे लागत नाहीत. वर्ष झालं, मला कुणी 'मग?' म्हटलेलं नाही.

राहिली उशी. तुमची उशी मी सरळ करणार नाही. वाकडी तर वाकडी, तुमचं तुम्ही बघा. पडलात तर मला काही तुम्हाला उचलवणार नाही, आपण दोघी जमिनीवर बसून पैलवानाची वाट बघू. आणि मला तुमचा राग येईल ना, तर मी लपवणार नाही, तोंडावर सांगीन. तुम्हीही सांगा. नणंद-भावजयींनी भांडायचं नाही तर कुणी भांडायचं?

खोली भाड्याने देणार नाही. कटिंगवर नाव घातलं की घातलं. तुम्ही आला नाहीत तर ती तशीच रिकामी राहील, आणि मी रोज मशीनला माशांच्या गोष्टी सांगत बसेन. वन्सं, मला एकटीला हे झेपत नाहीये.

टाचणी


२० जुलै

टाचणे,

रविवारी सकाळच्या गाडीने येते. गार्डसाहेब मला डब्यात बसवून देतील, त्यांनी स्वतःच विचारलं. आता रोज सकाळी कुणाचं दार वाजवायचं, म्हणून त्यांचं तोंड उतरलंय. त्यांना पत्र लिहिणार आहे. लिहून तू देशील.

सामान फार नाही, एक बॅग. स्टेशनवर गर्दी असेल. धावत येऊन माझा हात धरायचा नाही, दंड तर अजिबात नाही. मी तुझ्या दंडाला धरणार नाही आणि तू माझ्या. बॅग घेतलीस तर चालेल. दोन पावलं पुढे चाल आणि बोलत राहा, काहीही बोल, मध्ये थांबू नकोस. मी आवाजामागून येते.

वन्सं